अग्नी येण्याआधी

आजचे वचन : प्रेषितांची कृत्ये २:१-४, ४२-४७

पेंटेकॉस्ट म्हटलं की वारा, अग्नी आणि भाषा आठवतात. पण पहिलं वचन पाहा : त्याआधी सगळे एकत्र जमले होते. आणि अध्यायाच्या शेवटी? घरोघरी भाकर मोडणं आणि गरजवंताला वाटा देणं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही असंच झालं. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेसाठी बोलावलं, सुमारे ७० जणी रोज जमू लागल्या. संजीवन आलं जूनमध्ये. मेथडिस्ट मिशनरी मिनी अब्राम्स तेव्हा तिथेच सेवेत होत्या.

मेथडिस्टांची 'क्लास मीटिंग' १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाली, तीही चॅपलचं कर्ज फेडण्यासाठी! साधारण बारा जणांमागे एक पुढारी. आठवड्याला एक पेनी गोळा करायला घरोघरी जाता जाता तो लोकांची सुखदुःखं विचारू लागला.

आमच्या बीबीत कोणी आजारी पडलं की गल्लीला कळतं. शहरात पीजीमध्ये आठवडाभर ताप असला तरी शेजारच्या खोलीला पत्ता नसतो. यूट्यूबवरची उपासना डबा आणून देत नाही.

आज करूया : मंडळीत बरेच दिवस न दिसलेल्या एकाला फोन.

प्रार्थना : हे पवित्र आत्म्या, आम्हाला एकमेकांच्या दारापर्यंत ने. आमेन.