कौल कोणाचा?



निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या विहारात, संस्थेच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "लोकांना स्वतःचे हितच कळत नाही." ज्याच्या धोरणाने मजुरी बुडते त्यालाच मजूर मत देतो, जो मुलांची शाळा बंद पाडतो त्याच्याच मिरवणुकीत त्या मुलांचे बाप नाचतात, असे दाखलेही दिले जातात. हे वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. परंतु थोडे वाचन केल्यावर आणि एकदा निवडणुकीच्या कामावर गेल्यावर ते मला अपुरे वाटू लागले. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या भाषेत 'कौल' हा शब्द दोन ठिकाणी येतो. देवाला कौल लावतात आणि जनतेचाही कौल घेतात. देवळात फूल उजवीकडे पडले की डावीकडे, हे पाहून गुरव अर्थ सांगतो. मतपेटीत मात्र अर्थ सांगणारा मध्यस्थ नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. हे दोन कौल एकमेकांत मिसळले म्हणजे काय होते, याचे उदाहरण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दिले आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात कधीच न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यातील रोमचा दाखला आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. मीही तसेच केले होते.

रोममध्ये पॅट्रिशियन म्हणजे उच्चकुलीन आणि प्लेबियन म्हणजे सामान्यजन असे दोन वर्ग होते. प्लेबियनांनी झगडून आपला स्वतंत्र कॉन्सल निवडण्याचा अधिकार मिळविला. दोघा कॉन्सलांपैकी एक आपला, म्हणजे सत्तेत निम्मा वाटा आला असे कोणालाही वाटेल. तरीही, बाबासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांना कणखर, स्वतंत्र बाण्याचा कॉन्सल कधी लाभला नाही. का? त्यांच्या दाखल्यानुसार, निवडून आलेल्या माणसाला अधिकारावर बसण्यापूर्वी डेल्फीच्या देवतेचा कौल अनुकूल असावा लागे आणि तो कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन असत. कणखर माणूस निवडला की देवता नाराज! बाबासाहेबांचा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. प्लेबियनांवर ही अट कोणी तलवारीने लादली नव्हती. त्यांची स्वतःचीच तशी श्रद्धा होती. ज्या अधिकारासाठी ते इतके लढले, तो त्यांनी श्रद्धेपायी आपण होऊन सोडून दिला. माणूस केवळ आर्थिक हिताने चालतो असे मानणाऱ्या समाजवादी मित्रांना बाबासाहेबांनी हे उत्तर दिले होते. कफल्लक साधू-फकिरांचा शब्द लक्षाधीश का झेलतात, हा त्यांचा प्रश्नही तिथेच आहे.

श्रद्धेइतकीच बळकट दुसरी एक गोष्ट आहे : आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण पाहा. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत संपले की नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालक दोघांचेही रक्त शोषत होता. तरी मालकाविरुद्ध एकजूट करताना ही भिंत पाडायला सवर्ण कामगार सहजासहजी तयार होत नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर १९२८-२९ च्या संपांच्या काळात मांडला. जातिव्यवस्थेच्या उतरंडीत प्रत्येकाला वरच्याचा राग असतो आणि खालच्यापेक्षा आपण मोठे असल्याचा अभिमानही असतो. हा अभिमान वाचविण्यासाठी मनुष्य बरेच काही गमावतो.

हे फक्त आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेतील निग्रो (आजच्या शब्दांत कृष्णवर्णीय) समाजाचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात, गुलामगिरी संपल्यानंतरच्या दक्षिणेकडील राज्यांचा अभ्यास मांडला. तेथील गोऱ्या मजुराला मजुरी अत्यल्प मिळे. पण तो गोरा म्हणून त्याला मान मिळे, सार्वजनिक बागेत प्रवेश मिळे, मुलांना बऱ्या शाळा मिळत, पोलीसही त्याच्यातलेच असत. ही एक प्रकारची मानसिक मजुरीच होती, असे डुबॉईस म्हणतात. ती मिळते आहे तोवर काळ्या मजुराशी हातमिळवणी करून खरी मजुरी वाढवून घ्यावी असे त्याला वाटले नाही. १९४६ साली बाबासाहेब आणि डुबॉईस यांचा पत्रव्यवहार झाला होता, ही गोष्ट विद्यार्थी मित्रांनी अवश्य लक्षात ठेवावी.

आता आपल्या काळजाला घर करून राहिलेली घटना. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती बाबासाहेब मजूरमंत्री असताना. हिंदू स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि पुढच्याच निवडणुकीत, १९५२ साली, कामगारांनी आणि त्यांच्या बायकामुलींनी गजबजलेल्या उत्तर मुंबई मतदारसंघात त्यांना १,२३,५७६ मते पडली, तर काँग्रेसच्या काजरोळकरांना १,३८,१३७. म्हणजे १४,५६१ मतांनी पराभव. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई काँग्रेसच्या पाठीशी होती हे मान्य. पण ज्यांचे रोजचे तास कमी झाले त्यांतील कित्येकांनी त्या तासांकडे पाहून मत दिले नाही, हेही मान्य करावे लागते. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालविण्यास लोकांना सांगावे, असे कार्यकर्त्यांनी सुचविले. घटनेच्या शिल्पकाराने ते साफ नाकारले. तेथेही ते पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

येथवर मी जे लिहिले ते पुस्तकांतले. आता अनुभवाचे.

बँकेच्या नोकरीत असल्याने काही वर्षांपूर्वी मला एका खेड्यात निवडणुकीचे काम लागले. मतदाराच्या बोटाला शाई लावणे आणि रजिस्टरवर सही-अंगठा घेणे, एवढेच माझे काम. दुपारी एक साठीच्या बाई आल्या. हात खुरपणीने काळे पडलेले. शाई लावून घेताना त्यांनी हळूच विचारले, "साहेब, कुणी कुणाला मत दिलं ते कळतं व्हय?"

मी प्रशिक्षणात पाठ केलेले उत्तर दिले, "नाही मावशी, मत गुप्त असते."

"माझं न्हाई कळत. पर ह्या खोलीचं कळतं न्हवं? ह्या यादीत आमच्या वस्तीबिगर दुसरं कोन हाय?"

मी गप्प बसलो, कारण बाई बरोबर बोलत होत्या. प्रत्येक मतदान केंद्राची मते वेगळी मोजली जातात आणि वेगळी जाहीर होतात. मतपत्रिकांच्या काळात दहशतीची शंका असेल तेथे अनेक पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आल्यावर ती सोय राहिली नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. सरकारने ते स्वीकारले नाही.

त्या मावशींना आपले हित कळत नव्हते काय? चांगले कळत होते. खुरपणीचे काम कोणाच्या शेतात, शेळीसाठी गवत कोणाच्या बांधावरचे, वस्तीकडे येणारी पाणंद कोणाच्या रानातून, हा सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. पाच वर्षांनंतरचे हित आणि उद्या सकाळचे हित यांची गाठ त्या खोलीत पडली होती. आपण येथे पगारी नोकरीत बसून त्यांना 'अज्ञानी' म्हणतो, याची मला त्या दिवशी लाज वाटली. श्रद्धेपायी मत देणारा, जातीच्या मानापायी मत देणारा आणि भाकरीच्या भीतीपायी मत देणारा, या तिघांना आपण एकच उपदेश करतो. पहिल्या दोघांशी वाद घालता येतो, अभ्यासवर्ग घेता येतो. तिसऱ्याला अभ्यासवर्गाची नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातल्या कामाची गरज असते. बचत गट, सहकारी पतपेढी, स्वतःच्या नावावरचा अर्धा एकर यांची गरज असते. आपल्या संस्थेच्या बैठकीत या गोष्टींना किती मिनिटे मिळतात, हे इतिवृत्ताची वही काढून कोणीही पाहावे.

त्या केंद्राचे आकडे नंतर जाहीर झाले, तेव्हा मी ते पाहिले. वस्तीची मते कोणत्या बाजूला पडली हे मी येथे लिहीत नाही. लिहिले, तर मावशींची शंका मीच खरी केल्यासारखे होईल.