मंडपांचा सण आणि जिवंत पाणी

(वाचन : योहान 7:37-39)



सणाच्या शेवटच्या दिवशी प्रभू येशू मंदिरात उभा राहिला आणि तहानलेल्यांना त्याने मोठ्याने आपल्याकडे बोलावले. त्यासाठी हाच दिवस का?

पीक गोळा झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, यहुदी लोक सात दिवस फांद्यांच्या मांडवांत राहून हा सण पाळत. तेव्हा त्यांच्या देशातील कोरडे महिने संपत आलेले असत. पाऊस अजून यायचा असे. सुमारे इ. स. 200 मध्ये संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी ग्रंथात मंदिरातील विधी सांगितला आहे. रोज सकाळी शिलोह तळ्यातून सोन्याच्या सुरईत साधारण एक लिटर पाणी भरून आणत. पाणीवेशीपाशी कर्णे वाजत. याजक वेदीवर चढून चांदीच्या एका पात्रात पाणी व दुसऱ्यात द्राक्षारस ओतीत असे. एकदा एका याजकाने ते पाणी आपल्या पायांवर ओतले, तेव्हा लोकांनी हातातील महाळुंगे त्याच्यावर फेकली! त्यामुळे पुढे याजकाला हात उंच धरायला सांगत.

इ. स. 70 मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले आणि हा विधी थांबला. 2004 मध्ये यरुशलेमेत सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना शिलोह तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. पावसासाठी प्रार्थना मात्र कधीच थांबली नाही. आपल्या महाराष्ट्रातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोकही या सणाला मांडव घालतात आणि सणाच्या अखेरीस पावसाची प्रार्थना करतात. आपल्याकडे तेव्हा पाऊस परतत असतो. त्यांच्या पूर्वजांच्या भूमीत तो सुरू व्हायचा असतो.

पाण्याची वाट पाहणे आपल्यालाही ठाऊक आहे. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणाचे पाणी खालावले, तेव्हा आपल्या वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी आपण एकेक बादली जपून वापरतो. ते लोक मात्र टंचाईच्या दिवसांतच पाणी आधी देवाला वाहत. आधी अर्पण, मग मागणे.

त्याच गर्दीपुढे येशूने स्वतःच पाणी देऊ केले. तो पवित्र आत्म्याविषयी बोलत होता, असे संत योहान सांगतो. बाप्तिस्म्यात आपल्याला तोच आत्मा मिळाला. मात्र ते पाणी साठवून ठेवण्यासाठी नाही; विश्वासणाऱ्यातून ते इतरांकडे वाहावे, ही प्रभूची इच्छा आहे.

विचार करू या :
1. माझ्याकडे कमी असताना मी देवाला आणि शेजाऱ्याला काय देतो?
2. या आठवड्यात माझ्यामुळे कोणाची तहान भागेल?