पीडीएफ पाठवतो, मग ईडीआय कशाला?

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ज्या कंपनीला माल देतो, ती आता म्हणते, ऑर्डर, चलन, बिल सगळं ईडीआयने करा. आम्ही पीडीएफ मेल करतोच की. यात वेगळं काय?

उत्तर : पीडीएफ माणसाला वाचावी लागते. ती समोर ठेवून कंपनीतलं कुणीतरी तोच पार्ट नंबर, तेच नग पुन्हा टाइप करतं आणि ५०० चे ५००० होतात ते तिथेच. ईडीआयमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंजमध्ये, तुमच्या संगणकातली माहिती त्यांचा संगणक थेट उचलतो.

त्यासाठी काय कुठे लिहायचं हे आधी ठरलेलं लागतं. अमेरिकेत एक्स१२ हे मानक चालतं, इतरत्र बहुतेक ठिकाणी १९८७ साली आलेलं संयुक्त राष्ट्रांचं एडिफॅक्ट. एडिफॅक्टमध्ये ५०० हा आकडा एकटा जात नाही. त्याच्या आधी २१ असेल तर ते मागवलेले नग, १२ असेल तर रवाना केलेले, ४७ असेल तर बिलात लावलेले. ४८० पाठवून ५०० चं बिल लावलंत, तर संगणक हा फरक पकडून बिल अडवू शकतो.

माझ्या मते यात सर्वांत मोलाची आहे ती माल निघाल्याची आगाऊ सूचना, म्हणजे एएसएन. कुठल्या पेटीत काय आहे, हे गाडी पोचण्याआधीच कंपनीला कळतं. मग स्टोअरमध्ये लेबल स्कॅन केलं की झालं. लेबल आणि एएसएन जुळले नाहीत, तर गाडी गेटवरच खोळंबते. मालाची माहिती अशी सगळ्यांनी एकाच ठरलेल्या भाषेत देण्याची गरज १९४८ मध्ये बर्लिनच्या नाकेबंदीत तीव्रतेने जाणवली. तिथे विमानांनी धान्य-कोळसा पोचवताना एड गिल्बर्ट या अमेरिकी सैनिकाने टेलेक्सवरून किंवा फोनवरूनही सांगता येईल अशी मालाची एकसारखी यादी ठरवली. पुढे ईडीआयची मानकं घडवण्यातही तो पुढे होता.

दोन गोष्टी सांभाळा. एक्स१२ मधली ९९७ ही पोच ‘फाइल मिळाली, वाचता आली’ एवढंच सांगते. ऑर्डर किंवा भाव मान्य असल्याचं नाही. आणि जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर नोंदवलं, तरी ईडीआय वेगळं करावंच लागतं. खर्चात पडण्याआधी कंपनीकडून त्यांची ईडीआय मार्गदर्शिका आणि एक नमुना फाइल मागून घ्या.