पाकिटावरील खूण व पाकिटातील माल : बनावट बियाणे आणि औषधांपासून पिकाचे रक्षण

रोहिणी नक्षत्र लागले की नेर तालुक्यातील शेतकऱ्यांची पावले कृषी केंद्रांकडे वळू लागतात. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची प्रमुख पिके होत. मृगाचा पेरणीयोग्य पाऊस पडण्यापूर्वी बियाणे घरात येऊन पडावे, अशी प्रत्येकाची धडपड असते. नेमक्या या घाईच्या दिवसांतच बनावट मालाचा व्यापार फोफावतो.

बाजारातून आणलेले कापड खोटे निघाले तर पहिल्या धुण्यात कळते. बियाण्याचे तसे नाही. ते उगवले नाही तर आठ दिवसांनी कळते. उगवले, परंतु वाण निराळे निघाले, तर बोंडे लागण्याच्या वेळी कळते. तोपर्यंत खत, निंदण, डवरणी व मजुरी यांवर खर्च होऊन गेलेला असतो. बियाण्याची किंमत भरून मिळाली तरी गेलेला वाफसा परत मिळत नाही. म्हणून पाकीट पारखण्याची विद्या पेरणीच्या विद्येइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

बनावट मालाचे प्रकार

बनावट माल सामान्यतः चार रूपांनी येतो. पहिल्या प्रकारात नामांकित संस्थेचे पाकीट हुबेहूब छापून त्यात हलका माल भरतात. दुसऱ्या प्रकारात पाकीट किंवा बाटली खरीच असते, परंतु ती एकदा रिकामी झालेली असून तिच्यात दुसराच माल भरलेला असतो. तिसऱ्या प्रकारात माल मूळचा खरा असतो, मात्र त्याची मुदत संपलेली असून तारीख खोडून नवी छापलेली असते. चौथ्या प्रकारात पाकिटावर आकर्षक नाव व चित्र असते, पण उत्पादकाचा खरा पत्ता नसतो. तणनाशक सहन करणारे म्हणून चोरून विकले जाणारे कापसाचे बियाणे बहुधा याच प्रकारात मोडते. अशा वाणांना व्यापारी लागवडीची शासकीय मान्यता मिळालेली नाही. ते पावतीशिवाय विकले जाते. त्यामुळे फसवणूक झाल्यास शेतकऱ्याच्या हाती कोणताच पुरावा उरत नाही.

खुणेचे महत्त्व नवे नाही

वऱ्हाडातील कास्तकारास मालावरील खुणेचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. कापसात पाणी मारणे, हलका कापूस मिसळणे अशा लबाड्यांस आळा बसावा म्हणून 1925 साली जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांसंबंधी कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक ठरले. गाठ कितीही दूर गेली तरी ती कोठे दाबली गेली, याचा माग त्या खुणेवरून काढता येई. पुढे 1937 च्या कायद्याने शेतमालाच्या प्रतवारीसाठी ‘अॅगमार्क’ चिन्ह आले. या सर्वांमागील तत्त्व एकच आहे : माल कोणाच्या हातून आला हे खुणेने सांगितले पाहिजे, म्हणजे चूक झाल्यास जबाबदार कोण हे ठरविता येते. आजच्या बियाण्याच्या पिशवीवरील शिलाई, मोहोर व खूणचिठ्ठी यांचे कामही हेच होय.

बियाण्याच्या पिशवीवर काय पाहावे

बियाणे अधिनियम 1966 मध्ये झाला व त्याखालील नियम 1968 मध्ये आले. त्यानुसार पिशवीवर पीक व वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधतेची मुदत, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव व पत्ता असावा लागतो. बियाण्यास औषध चोळलेले असल्यास ते खाण्यास वापरू नये, असा इशाराही हवा.

खूणचिठ्ठीचा रंग बियाण्याचा दर्जा सांगतो. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी व प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यतादर्शक बियाण्यास हिरवट लेबल असते. प्रमाणित बियाण्याची तपासणी बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. सत्यतादर्शक बियाण्याची हमी केवळ उत्पादकाची असते. हा भेद शेतकऱ्यास ठाऊक असावा.

रंग पाहून थांबू नये. शिलाई एकसारखी आहे काय, की उसवून पुन्हा घातलेली आहे? लॉट क्रमांक पिशवीवर, खूणचिठ्ठीवर व पावतीवर एकच आहे काय? तारखेवर खाडाखोड किंवा दुसरी चिकटपट्टी आहे काय? बीटी कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र शासन 2015 च्या आदेशान्वये ठरवून देते. त्याहून अधिक दर मागणारा दुकानदार कायदा मोडतो. आणि फारच स्वस्त देणारा पावती देण्यास का कचरतो, याचा विचार ग्राहकाने करावा.

चौकोनी संकेतचिन्हाविषयी दोन शब्द

अलीकडे पाकिटांवर क्यूआर कोड नावाचे काळे-पांढरे चौकोनी चिन्ह छापलेले असते. मोबाईलने ते वाचले असता मालाची माहिती मिळते. बियाण्याचा उगमापासून विक्रीपर्यंतचा माग लागावा म्हणून केंद्र शासनाने 2023 मध्ये ‘साथी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. ही सोय उपयुक्त आहे, परंतु तिची मर्यादाही समजून घेतली पाहिजे.

समजा, एका खऱ्या पाकिटावरील चिन्हाचे छायाचित्र घेऊन ते हजार खोट्या पाकिटांवर छापले. मोबाईल प्रत्येक वेळी खऱ्या पाकिटाचीच माहिती दाखवील. म्हणून प्रत्येक पाकिटाचा क्रमांक निराळा असेल तरच हे चिन्ह खऱ्या अर्थाने राखण करू शकते. शेजारच्या दोघा शेतकऱ्यांच्या पाकिटांवर एकच अनन्य क्रमांक आढळला, तर दोहोंपैकी निदान एक पाकीट खोटे समजावे. लॉट क्रमांकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो एका लॉटमधील सर्व पाकिटांवर सारखाच असतो. मोबाईलवर दिसणारा लॉट क्रमांक, वाण व मुदत ही पाकिटावरील छपाईशी ताडून पाहावीत. चिन्ह उमटले एवढ्यावर समाधान मानू नये.

औषधाची बाटली

कीटकनाशकांसाठी 1968 चा अधिनियम व 1971 चे नियम लागू आहेत. बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा त्यामानाने कमी विषारी औषध दर्शवितो. हा रंग विषाची तीव्रता सांगतो, औषधाची गुणकारिता नव्हे. झाकणाची कडी तुटलेली, आतील पत्र्याचा पडदा फाटलेला किंवा माहितीपत्रक नसलेली बाटली घेऊ नये.

यवतमाळ जिल्ह्यास या सावधगिरीचे मोल फार जड किंमत देऊन कळले आहे. 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि लेबलासंबंधी एक गोष्ट सदैव ध्यानात ठेवावी. विषबाधेचे उपचार औषधाच्या घटकानुसार बदलतात. रुग्णाबरोबर बाटली किंवा माहितीपत्रक नेल्यास डॉक्टरांना घटक व उतारा समजतो. बाटलीत एक व लेबलावर दुसरेच असेल तर डॉक्टरही चुकीच्या वाटेने जाऊ शकतात. बनावट औषधाने कीड मरत नाही एवढाच तोटा नसून माणसाच्या जिवाशीही गाठ असते.

रिकाम्या पाकिटाची व्यवस्था

छपाई कितीही कठीण केली तरी खरे रिकामे पाकीट लबाडाच्या हाती गेले की सर्व बंदोबस्त व्यर्थ ठरतो. भंगारात गेलेली चांगली बाटली पुन्हा भरून येऊ शकते. म्हणून शेवटची राखण शेतकऱ्याच्याच हाती आहे.

बियाण्याची पिशवी वरची शिलाई न उसवता खालच्या बाजूने फोडावी. त्यामुळे खूणचिठ्ठी व मोहोर शाबूत राहते आणि पिशवी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. पिशवी, खूणचिठ्ठी, पावती व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. त्यानंतर पिशवीचे तुकडे करावेत.

औषधाची बाटली रिकामी झाल्यावर तीन वेळा विसळावी व ते पाणी फवारणी पंपातच ओतावे. नंतर बाटलीस भोके पाडावीत. ती पाण्यासाठी वा तेलासाठी कदापि वापरू नये आणि विहीर, नाला व वस्ती यांपासून दूर तिची विल्हेवाट लावावी. पावती व माहितीपत्रक मात्र घरी ठेवावे.

घरचे बियाणे

बनावट मालाच्या भीतीने प्रत्येक बिननावाचे बियाणे खोटे मानण्याचेही कारण नाही. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्यास स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे त्या नावाचे लेबल लावलेल्या पाकिटात भरून विकता येत नाही. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असल्याने चांगले राखलेले घरचे बियाणे पेरता येते. संकरित कापसाची सरकी मात्र बियाणे म्हणून पेरू नये. पुढील पिढीत झाडे एकसारखी राहत नाहीत.

बियाणे कोणतेही असो, पेरणीपूर्वी उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी व ओल टिकवावी. सोयाबीनचे निदान सत्तर दाणे आठवड्याभरात चांगले उगवले पाहिजेत. या चाचणीने उगवण कळते, वाण कळत नाही. वाणाची खात्री पावती व खूणचिठ्ठी यांवरच अवलंबून राहते.

तक्रार वेळेवर करावी

उगवण झाली नाही किंवा वाणात भेसळ दिसली, तर पीक मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचा कृषी विभाग यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. पीक उभे असेल तरच पाहणी व पंचनामा होऊ शकतो. निरीक्षकाने घेतलेल्या बियाण्याच्या नमुन्याचे तीन भाग होतात : एक विक्रेत्याकडे, एक प्रयोगशाळेकडे व एक राखून ठेवण्यासाठी. सदोष बियाण्याबाबत शेतकरी हा ‘ग्राहक’ असून त्यास ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिलेला आहे. परंतु दाद मागण्यास कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे खरेदीच्या दिवशी मागून घेतलेली पक्की पावती.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ केवळ वाचून दाखवू नये. रोहिणी नक्षत्रातच ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा पारावर बैठक बोलवावी. एक प्रमाणित, एक सत्यतादर्शक व एक उसवून शिवलेली रिकामी पिशवी सर्वांच्या हाती फिरवावी आणि फरक त्यांच्याच तोंडून काढून घ्यावा. शेतमजूर स्त्री-पुरुषांनाही बोलवावे, कारण बाटली अनेकदा त्यांच्याच हाताने उघडली जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्रिकोणाचे रंग दाखवून शिकवावेत. गुंडाळीची उगवण चाचणी त्याच ठिकाणी मांडून आठ दिवसांनी सर्वांसमक्ष उघडावी.

त्या दिवशी बैठकीतील प्रत्येक घरी एक जुनी पिशवी पावत्या ठेवण्यासाठी खिळ्याला अडकविली गेली, तर अर्धे काम झाले असे समजावे.