कामातील नीटसपणा आणि दिलेला शब्द

पवित्र कुरआनमध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्या कारागिरीचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि पूर्ण चिलखते बनवावीत, कड्या योग्य प्रमाणात जोडाव्यात व सदाचार करावा, अशी आज्ञा दिली (सूरह सबा, ३४ : १०-११). भाष्यकारांनी याचा खुलासा असा केला आहे की, खिळा इतका बारीक नसावा की तो कडीत सैल हलेल आणि इतका जाडही नसावा की कडी तुटेल. कारागिराला दिलेली ही शिकवण प्रमाणाची आहे.

प्रिय वाचकहो, शिराळ्याच्या बाजारपेठेतील एखादे शिवणकामाचे दुकान डोळ्यांसमोर आणा. ईद चार दिवसांवर आली आहे. कारागीर प्रामाणिक आहे. परंतु कॉलर केसभर वाकडी वाटली की तो ती पुन्हा उसवतो. ग्राहकाला तो फरक दिसतही नाही. पाच जोड व्हायचे तेथे दोनच होतात. कोकरूडहून एस.टी.ने आलेला बाप मुलांचे कपडे न घेताच परततो, मदतनिसाची मजुरी लांबते आणि उसवण्याच्या नादात अस्रची वेळ निघून जाते. मनात मात्र समाधान असते की, आपले काम चोख आहे.

हे समाधान तपासून पाहिले पाहिजे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तमपणा, आवश्यक केला आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे (हदीस : मुस्लिम). म्हणून निष्काळजीपणाला इस्लाममध्ये जागा नाही आणि मालातील दोष लपविणे ही तर फसवणूकच होय. परंतु दिलेल्या वचनाबद्दलही जाब विचारला जाणार आहे (सूरह बनी इस्राईल, १७ : ३४). टाका जशी अमानत आहे, तशीच तारीखही अमानत आहे. एक जपताना दुसरी बुडविणे हा एहसान नव्हे.

पुष्कळदा या अट्टाहासामागे लोक नावे ठेवतील ही भीती असते. संपूर्ण निर्दोष निर्मिती केवळ अल्लाहची आहे (सूरह मुल्क, ६७ : ३). दासाकडून त्याच्या कुवतीइतकेच अपेक्षित आहे (सूरह बकरा, २ : २८६).

नमाजचेच पाहा. प्रेषित (स.) सलाम फेरल्यानंतर तीन वेळा क्षमायाचना करीत (हदीस : मुस्लिम). उणीव राहिली असेल म्हणून आपण क्षमा मागतो. तीच नमाज दिवसभर पुन्हा पुन्हा पढत बसत नाही.

तेव्हा काम हाती घेतानाच ते कोठे पूर्ण झाले म्हणायचे, हे ठरवा. माप बरोबर, शिवण पक्की, कापड ठरलेले, एवढे पाहून कपडा ग्राहकाच्या हाती द्या. जी तारीख पाळता येईल तीच सांगा. उशीर होणार असेल तर आधी कळवा. खरा दोष राहिला असेल तर स्वतः दाखवा आणि दुरुस्त करून द्या. अजानबरोबर मशीन थांबवा. अल्लाहला अल्प का होईना, पण नित्य घडणारे सत्कर्म सर्वाधिक प्रिय आहे (हदीस : बुखारी, मुस्लिम).

अल्लाह आपल्या हातांना कौशल्य, शब्दाला सचोटी आणि रोजीला बरकत देवो. आमीन.