तिसऱ्या वर्षाआधी

 

खासगी मर्यादित कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने तिच्या मालकांहून निराळी व्यक्ती असते. तिला स्वतःच्या नावावर यंत्र घेता येते, कर्ज काढता येते, कोणावर दावाही लावता येतो, परंतु तिला हात नसल्यामुळे तिच्या वतीने सही करण्याचे काम संचालकांकडे येते, आणि भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरती मर्यादित ठेवण्याची जी मोठी सवलत कायदा देतो, तिच्या बदल्यात कंपनीने दरवर्षी आपला हिशेब उघड मांडावा अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी झाली आहे किंवा नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते, कारण प्रत्येक कंपनीच्या नावापुढे शेवटच्या वार्षिक सभेची आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख तेथे नोंदलेली असते. चिरंजीव भाच्याच्या भोसरीच्या वर्कशॉपविषयी मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत जी कुजबूज झाली, ती भाऊबंदकीतला मत्सर समजून मामाने प्रथम सोडून दिली होती. घरी आल्यावर मात्र झोप लागेना म्हणून त्याने ती तारीख स्वतः पाहिली, आणि कुजबूज खरी निघाली. दोन वर्षांचे कागद गेलेले नाहीत.

कोणते कागद, हे चिरंजीवाला ठाऊक नसेल असे नाही. तरीही ते येथे लिहून ठेवणे बरे, कारण माहीत असलेल्या गोष्टीच जास्त विसरल्या जातात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते आणि तिच्यात लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब मंजूर व्हावे लागतात. सभेपासून तीस दिवसांत ते हिशेब ‘एओसी-4’ या अर्जाने, आणि साठ दिवसांत कंपनीचे भागधारक कोण, संचालक कोण, भाग कोणाकडून कोणाकडे गेले हे सांगणारे वार्षिक विवरणपत्र ‘एमजीटी-7’ किंवा लहान कंपनी असल्यास ‘एमजीटी-7ए’ या अर्जाने निबंधकाकडे जावे लागते. सभा 30 सप्टेंबरला झाली, तर पहिल्याची मुदत 30 ऑक्टोबर आणि दुसऱ्याची 29 नोव्हेंबर. सभाच घेतली नाही तर मुदत सुरू होत नाही, असा एक समज कारखानदारांत पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे, कारण सभा ज्या दिवसापर्यंत व्हायला हवी होती त्या दिवसापासून कायदा तीस आणि साठ मोजू लागतो, आणि सभा न घेतल्याचा दोष वर वेगळा लागतो.

घरच्या कंपनीत ही सभा जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत उरकते हे खरे आहे, आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी की तिची नोटीस पूर्ण एकवीस दिवस आधी निघावी लागते, ती निघण्यापूर्वी लेखापरीक्षकाची सही व्हावी लागते, आणि ती सही होण्यापूर्वी बँकेचे उतारे, जॉबवर्कची चलने व मालाचा साठा जुळावा लागतो. हे सारे बहुधा गणपती, गौरी आणि पितृपंधरवडा यांच्या तोंडाशी येऊन ठेपते. राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी वार्षिक सभा घेऊ नये असे कायद्यात लिहिलेले आहे, परंतु पितृपंधरवड्यात घेऊ नये असे कोठेही लिहिलेले नाही. ‘घटस्थापना होऊ दे, मग बसू’ असे चिरंजीवाने मागच्या वर्षी म्हटल्याचे ताईकडून कळते. ते बसणे राहून गेले, हे उघडच आहे.

आता मुख्य काळजीविषयी. उशिराचे शुल्क प्रत्येक अर्जामागे दिवसाला 100 रुपये असे आहे आणि जुलै 2018 पासून त्याला वरची मर्यादा नाही. पण पैसा हा या प्रकरणातला लहान भाग आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 164 च्या दुसऱ्या पोटकलमानुसार, ज्या कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे हिशेब किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केले नाही, तिचा प्रत्येक संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. त्याला त्या कंपनीत पुन्हा नेमता येत नाही, अन्य कोठे नव्याने संचालक होता येत नाही, आणि इतर कंपन्यांत तो आधीपासून संचालक असेल तर ती पदेही रिकामी होतात. 2017 साली मंत्रालयाने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांच्या आसपास संचालकांना अपात्र ठरवले, तेव्हा मोहिमेचा रोख कागदावरच्या बनावट कंपन्यांवर होता. यादीत मात्र दुसऱ्या संचालकाची जागा भरायची म्हणून ज्यांची नावे घातली गेली होती अशा घरच्या माणसांचाही समावेश होता. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. भोसरीच्या कंपनीत दुसरी संचालक कोण आहे, हे मामाने चिरंजीवाला सांगण्याची गरज नाही.

ताई. जिने आयुष्यात दूधवाल्याचे एका दिवसाचेही बिल थकवले नाही, जिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख आजही सापडते, तिचे नाव थकबाकीदार कंपनीची संचालक म्हणून कोणत्याही त्रयस्थाला वाचता येईल अशा जागी लागावे, ही कल्पनाच मामाला सहन होत नाही. तिने सही केली ती मुलाचे बोट जेथे टेकले तेथे केली. शिवाय आता ती सही तिच्या हातातही राहिलेली नाही. तिची डिजिटल सही, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याने हातच्या सहीइतकीच ग्राह्य मानलेली ती पेनड्राइव्हसारखी चिमुकली वस्तू, हिशेबनिसाच्या खणात पडलेली असते आणि तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने ‘काकू’ असे लिहिलेले आहे, हे दिवाळीत वर्कशॉपला आलेल्या मामाने पाहिले होते. पट्टीच्या मागच्या बाजूला पासवर्डही होता. ज्याच्या खणात ही वस्तू आहे त्याला ताईच्या नावे काहीही दाखल करता येते, आणि तो काहीच दाखल करीत नाही, यांपैकी अधिक भयंकर काय ते ठरवणे कठीण आहे.

‘सीए बघतात’ हे उत्तर चिरंजीवाने देऊ नये. लेखापरीक्षक हिशेब तपासतो, सल्लागार अर्ज भरतो, परंतु चूक कायद्याच्या दृष्टीने संचालकाचीच राहते, आणि मागितलेले उतारे सहा-सहा महिने न देणाऱ्या अशिलासाठी कोणताही सीए रात्री जागत नाही.

कराच्या तारखांविषयी थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे, कारण त्यांतल्या बहुतेक महिन्याच्या महिन्याला दारावर थाप देतात: कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला, पीएफ 15 ला, जीएसटीचे महिन्याचे विवरण आणि भरणा 20 ला, आगाऊ आयकर जूनच्या 15 तारखेपर्यंत पंधरा टक्के, सप्टेंबरमध्ये पंचेचाळीस, डिसेंबरमध्ये पंचाहत्तर आणि 15 मार्चला पुरा. व्यवसाय कराचे कंपनीचे वर्षाचे 2,500 रुपये 30 जूनला जातात आणि रक्कम किरकोळ असल्यामुळेच ते हमखास विसरले जातात. त्याच दिवशी ‘डीपीटी-3’ हा अर्जही जातो, ज्यात कंपनीने 31 मार्चला कोणाकोणाचे उसने पैसे बाळगले होते हे सांगावे लागते. पीएफविषयी एवढेच, की कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम कंपनीची कधीच नसते, आणि ती चार दिवस वापरण्याचा मोह भावोजींना मंदीतही झाला नव्हता.

कंपनीच्या आयकर विवरणपत्राच्या 31 ऑक्टोबर या तारखेवर मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तिचे मोल तोट्याच्या वर्षात जास्त असते, आणि नेमक्या त्याच वर्षी, ‘कर तर भरायचा नाही’ म्हणून, तिच्याकडे दुर्लक्ष होते. धंद्यातला तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो, परंतु त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच गेलेले असावे लागते; एक दिवस उशीर झाला तर तो तोटा कराच्या हिशेबातून पुसला जातो, फक्त यंत्रांचा न वापरला गेलेला घसारा, म्हणजे झिजेपोटी मिळणारी वजावट, तेवढी शिल्लक राहते. नवे व्हीएमसी यंत्र घेतल्यावरच्या दोन वर्षांत वर्कशॉपला खोट आली होती. ती खोट चिरंजीवाने रात्रपाळ्या करून सोसली, आणि तिचा एकमेव उपयोग कपाटात पडून राहिलेल्या कागदांमुळे जाणार असेल, तर याला काय म्हणावे हे मामाला सुचत नाही.

येथे चिरंजीव मनात म्हणेल, की बोलणारा कोण. ते खरे आहे, आणि घरात ते सर्वांना ठाऊक आहे. भावोजी आणि मामा यांच्या कंपनीत यंत्रांचे खाते भावोजींकडे आणि कागदांचे खाते मामाकडे होते. 1956 चा कायदा होता, पण तीस आणि साठ दिवस तेव्हाही हेच होते, फक्त कागद हातात घेऊन डेक्कनवरच्या पीएमटी इमारतीत निबंधकाच्या कार्यालयात जायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि पोच जपून ठेवायची. मामाने तीन वर्षे तेथे जाण्याचे उद्यावर टाकले. तेव्हा त्याला नाटकांच्या तालमी होत्या, आणि सरकारी पाकिटे न फोडता खणात टाकली की ती आलीच नाहीत असे वाटण्याचे वय होते. बँकेने मोठ्या लेथच्या कर्जासाठी पोच लागलेल्या प्रती मागितल्या तेव्हा एकही नव्हती. कर्ज मंजूर व्हायला आठ महिने लागले आणि ज्या कामासाठी लेथ हवा होता ते काम तोपर्यंत दुसरीकडे गेले. भावोजींनी तो खण उघडून पाहिला, पाकिटे मोजली, पुन्हा लावून ठेवली आणि चहा घेऊन गेले. रागावले असते तर बरे झाले असते. पुढे मामाने सगळे दंड भरले, सगळ्या पोचा लावल्या, परंतु त्या संध्याकाळविषयी बोलायचे राहिले, आणि आता बोलायला भावोजी नाहीत.

म्हणून या पत्रातला कडवटपणा सर्वस्वी चिरंजीवासाठी आहे असे त्याने मानू नये. तीन पाळ्या चालवणारा, कामगारांचा पगार कधी 7 तारखेच्या पुढे न नेणारा मुलगा आळशी नसतो. ज्या कागदांतून काही तयार होऊन बाहेर पडताना दिसत नाही, त्यांच्याकडे हात वळत नाही, इतकेच. आणि गोष्ट हातची गेलेली नाही. तिसरे वर्ष अजून उलटायचे आहे. येत्या मुदतीपर्यंत पहिल्या वर्षाला दोन वर्षांचा आणि दुसऱ्याला एका वर्षाचा उशीर होतो असे धरले, तर प्रत्येक अर्जाचे 73,000 आणि 36,500, असे दोन अर्जांचे ढोबळमानाने 2,19,000 रुपये विलंब शुल्क होते. सरकार मध्येच माफीची योजना आणते, 2018 आणि 2020 साली आणली होती, परंतु तिची वाट पाहत बसणे म्हणजे रोज 400 रुपये भाडे देऊन पावसाची वाट पाहणे आहे. आधी जुन्या वर्षांचे हिशेब, मग या वर्षाची सभा, आणि ती शक्य तर गणपतीच्या आधी. तारखा भिंतीवर लिहायच्या तर त्या वर्कशॉपमध्ये न लिहिता ताईच्या कालनिर्णयावर लिहाव्यात. ती दर सकाळी तेथे पाहते, आणि संचालक या नात्याने तिला तो अधिकारही आहे. डिजिटल सहीची ती वस्तू तिच्या देव्हाऱ्याच्या खणात असावी आणि ती लावण्यापूर्वी काय दाखल होत आहे ते तिला वाचून दाखवावे; तिला समजते.

पत्रासोबत कंपनीच्या नावे धनादेश जोडला आहे. तो परत पाठवू नये. खासगी कंपनीला बाहेरच्या माणसाचे उसने पैसे सहजासहजी घेता येत नाहीत, ते ‘ठेव’ ठरतात. संचालकाच्या नातेवाइकाकडून मात्र घेता येतात, रक्कम त्याने स्वतः कर्ज काढून दिलेली नाही असे लेखी दिले म्हणजे झाले, आणि संचालक मंडळाच्या अहवालात तिचा उल्लेख करावा लागतो. नातेवाईक कोण याची यादी कायद्यात दिलेली आहे: आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, असे मोजके लोक. त्या यादीत मामा नाही. कायद्याला मामा ठाऊकच नाही; भाच्याच्या कंपनीत पैसे घालण्याचा या माणसाचा सारा हक्क त्याची बहीण तेथे संचालक आहे एवढ्यावर उभा आहे. लेखी निवेदनाची प्रत धनादेशामागे टाचली असून त्यात ‘संचालकाशी नाते’ या रकान्यात ‘धाकटा भाऊ’ असे लिहिले आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मामा भोसरीस येईल, तेव्हा बँकेचे उतारे बाहेर काढून ठेवावेत, आणि ताईला यातले काही आधी सांगू नये. फक्त दोघे जेवायला आहेत असे सांगावे.