फियाटच्या पोटात मारुतीचं इंजिन

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, जिन्याच्या बाजूला, ताडपत्रीखाली आजोबांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. नातवाला तिची ‘स्पोर्ट्स कार’ करायची आहे. त्याच्या बहिणीला आधी जाणून घ्यायचंय, की उद्या विकायची वेळ आली तर याने भाव चढेल की पडेल. मामाचा उभा जन्म जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत गेलेला.

भाची: दादा म्हणतो, दोन-तीन लाख घातले की गाडी दुप्पट भावाने जाईल. मारुतीचं इंजिन, गिअर खाली, बकेट सीट आणि लाल रंग.

मामा: घातलेला पैसा भावात धरायचा, हा हिशेब फ्लॅटला चालतो, तोही कधीमधी. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक तुमच्या पावत्या बघत नाही. तुम्ही केलेलं काय काय काढून टाकावं लागेल, ते बघतं. तो खर्च तुमच्याच भावातून वजा.

भाची: पण नव्या इंजिनाने गाडी पळेल तरी नीट.

मामा: पळेल की! पण नुसतं पळायलाच हवं असेल तर माणूस सेकंडहँड स्विफ्ट घेईल ना. फियाट घेणाऱ्याला हवं असतं ते कुर्ल्याच्या प्रीमियरमधलं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढची सलग सीट. गाडीवरचा चेसिस नंबर, इंजिनावर ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातले नंबर, हे सगळं जुळलं की मग भावाचं बोलायचं. पोर्शे, जॅग्वारच्या बाजारात यालाच ‘मॅचिंग नंबर’ म्हणतात. आरटीओचा माणूस चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना, तसा छाप मुरलेलं गिऱ्हाईकही घेतं.

भाची: आणि रंग? तो तर वरवरचा.

मामा: हा लोहचुंबक घे. दरवाज्याच्या खालच्या कडेने फिरव. सावकाश.

भाची: इथे चिकटतोय... इथे सटकला.

मामा: तिथे खाली पुट्टी आहे, पत्रा सडून भरलेला. आता ही रबराची बीडिंग जरा ओढ. आत कुठला रंग दिसतो?

भाची: राखाडी. बाहेर तर पांढरी आहे!

मामा: तो राखाडी कारखान्यातला. पांढरा नंतर कुणीतरी मारला. आता लाल मारलात तर पुढच्याला दोन थर खरवडायला लागणार. शिवाय रंग बदलला की आरसीवरही बदलून घ्यावा लागतो.

भाची: म्हणजे काही म्हणजे काहीच करायचं नाही?

मामा: असं कुठे म्हटलं मी? डायनामो काढून अल्टरनेटर बसवा, रेडियल टायर घाला, सीट बेल्ट लावा. गाडी रस्त्यावर आणायची तर हे हवंच, आणि स्पॅनर घेऊन तासाभरात परत काढता येतं. फक्त काढलेला पार्ट भंगारात घालू नका, गोणीत भरून माळ्यावर टाका. ती गोणी गाडीबरोबर दिली की भाव चढतोच. पण दादाचा तो खाली आणलेला गिअर? त्यासाठी फ्लोअर कापावा लागेल. आणि फियाटला वेगळी चेसिसच नाही गं, तिची बॉडी हीच चेसिस. तिथे कटर चालला की मामला स्पॅनरच्या बाहेर गेला.

भाची: कापून परत वेल्डिंग केलं तर?

मामा: वेल्डिंगची शिवण दिसतेच. आणि तिथे कायदाही आडवा येतो. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी, तीच व्हिंटेज. नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही चालवायची, रॅली-प्रदर्शनाला न्यायची. आपली गाडी वयात बसते. दादाने इंजिन बदललं की रूपात बसणार नाही. आणि व्हिंटेज नकोच म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालणार नाही. आरसीवर न चढलेलं इंजिन म्हणजे ट्रान्स्फरच्या वेळी डोक्याला ताप. एवढं करून घेणाऱ्याने भाव पाडला, तर त्याला दोष कसा देणार?

भाची: पण फेरारीच्या लिलावात तर बदललेल्या गाड्याही कोटींनी जातात. मी वाचलंय.

मामा: बरोबर वाचलंस. २०१८ साली कॅलिफोर्नियात एक २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, आणि तिची बॉडी १९६४ साली बदललेली होती. पण बदलली कुणी? फेरारीच्या बॉड्या बनवणाऱ्या स्कॅग्लिएत्तीने, ती शर्यतीत धावत होती त्या काळात. मूळ इंजिन जागेवर, सगळ्याची नोंद शाबूत. तो बदल म्हणजे त्या गाडीच्या चरित्रातलं एक पान. आपल्याकडेही शोलावरमच्या धावपट्टीवर ट्यून केलेल्या फियाट धावायच्या. तशी एखादी फोटो-कागदांसकट मिळाली, तर तिचा ट्यून केलेला कार्ब्युरेटर काढून कंपनीचा लावणं हाच मूर्खपणा.

भाची: म्हणजे मूळ रूपात आणूनही नुकसान होतं?

मामा: होतं ना! जॅनिस जॉप्लिन नावाच्या अमेरिकन गायिकेने आपली पोर्शे ३५६ चित्रविचित्र रंगांनी रंगवून घेतली होती. ती गेल्यावर घरच्यांनी गाडीला साधा रंग दिला. पुढे शहाणपण सुचलं आणि जुने फोटो बघून चित्रं पुन्हा काढून घेतली. २०१५ साली तीच गाडी साडेसतरा लाख डॉलरच्या वर गेली. पण दादा म्हणजे जॅनिस जॉप्लिन नव्हे. त्याने मारलेला लाल रंग हा लाल रंगच.

भाची: हे त्याला तूच सांग. मी सांगितलं तर उद्या मुद्दाम कटर आणेल.

मामा: त्याला म्हणावं, आधी ऑपेरा हाऊसला जाऊन मूळ पार्ट काय काय मिळतात ते बघ, याच इंजिनाचं बोअरिंग करून घे, पत्र्याचं काम चांगल्या डेंटरला दे. दोन-तीन लाख तिथेच जातील, आणि ते निदान फुकट जाणार नाहीत.

भाची: आणि त्याची स्पोर्ट्स कार?

मामा: तेवढीच हौस असेल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म शोध म्हणावं. दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी. चुंबकाचा तिथे उपयोग नाही. फार थोड्या निघाल्या, त्यामुळे पार्ट मिळताना मारामार. मिळालीच, तर बयाणा द्यायच्या आधी बॉनेट उघडून बघ म्हणावं, आत रेनोचंच इंजिन आहे, की कुणा दुसऱ्या दादाने मारुतीचं बसवलंय.